निळी पूररेषा कुणाच्या उंबऱ्यातून जाते? महापूर, दरडी आणि परिसरशास्त्रज्ञांचे काम

येरळाकाठ (धागाकर्ती)

मी सांगलीत परिसरशास्त्र (इकॉलॉजी) शिकवते. गेली काही वर्षे उन्हाळ्याच्या सुट्टीत पाच-सहा विद्यार्थ्यांना घेऊन नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पुराच्या पाण्याच्या खुणा मोजण्याचे काम आम्ही करतो. डंपी लेव्हल (उंचीतला फरक मोजण्याची दुर्बीण), स्टाफ म्हणजे खुणांची उभी पट्टी, टेप आणि वही एवढेच साहित्य लागते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 40 फुटांवर गेली की इशारा दिला जातो आणि 45 फुटांवर धोका पातळी ओलांडली असे धरतात, हे सांगलीतल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. 2005 साली पाणी 53 फुटांच्या वर गेले, 2019 साली 57 फुटांच्या वर आणि 2021 साली पुन्हा 54 फुटांच्या वर. तथापि पुलावरचा आकडा हा पुलावरचा असतो. एखाद्या घरात पाणी चुलीपर्यंत आले की माळ्यापर्यंत, आणि ते किती दिवस थांबले, हे त्या घरात जाऊनच कळते.

या धाग्याचे निमित्त मागील उन्हाळ्यातील एक प्रसंग आहे. नदीच्या बाजूच्या एका वस्तीत, पत्र्याच्या छपराच्या एका खोलीत, आम्ही 2019 ची खूण शोधत होतो. भिंतीवर 2021 ची गाळाची पिवळसर रेघ कमरेच्या वर स्पष्ट दिसत होती, पण तिच्या वर काहीच नव्हते. माझ्या विद्यार्थ्याने वहीत "2019 : खूण नाही" असे लिहिले. घरातील आजी हळद निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितले, "खूण कशी असंल बाळा, तवा ही भिंतच पडली. ही नंतरची हाय."

त्या एका वाक्याने आमच्या तीन वर्षांच्या वहीकडे बघण्याची माझी दृष्टी बदलली. खुणा दगडी जोत्याच्या वाड्यांवर, सिमेंटच्या बंगल्यांवर, देवळांच्या खांबांवर आणि दुकानांच्या शटरवर टिकतात. मातीची, कच्च्या विटांची किंवा नुसत्या पत्र्याची भिंत पुरात पडते आणि तिच्याबरोबर नोंदही वाहून जाते. ज्यांचे सर्वांत जास्त गेले त्यांच्याविषयी आमच्या नकाशात सर्वांत कमी माहिती होती, आणि आम्ही मात्र तो नकाशा तटस्थ असल्याचे समजत होतो.

माझा प्रश्न असा आहे की, टोकाच्या नैसर्गिक आपत्तीत परिसरशास्त्रज्ञाने सामाजिक न्यायासाठी नेमके काय करावे? निवेदने देणे, मोर्चात चालणे हे नागरिक म्हणून आहेच. मी विचारते आहे ते आमच्या विद्येच्या आतील कामाविषयी. काय मोजायचे, कुठे मोजायचे, कुणाला विचारायचे आणि निष्कर्ष कुणाच्या हाती द्यायचा, यांबद्दल. पूर आणि दरडी या दोन्हींचा अनुभव असलेल्या सांगली-साताऱ्याच्या मंडळींनी सविस्तर लिहावे.

---

गावभागकर

ताई, तळमळ समजली, पण मुद्द्यावर मतभेद आहे. आमच्या घरात तिन्ही महापुरांचे पाणी आले आहे, तेव्हा पूर मला पुस्तकातून कळलेला नाही. पाणी जात विचारत नाही आणि उत्पन्नाचा दाखलाही मागत नाही. शास्त्रज्ञांनी पाऊस किती पडला, कोयना आणि वारणेतून विसर्ग किती झाला, खाली कर्नाटकातील अलमट्टी धरणाचा फुगवटा येतो की नाही, नदीच्या पात्रात भराव कुणी टाकले, हे ठामपणे सांगावे. न्यायाचे काम न्यायालयाला आणि लोकप्रतिनिधींना करू द्यावे. शास्त्रात एकदा "बाजू" शिरली की उद्या तुमचे आकडेही कुणी मानणार नाही. 2019 नंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीमुळे पूर आला नाही असे म्हटले, तरी अर्धी सांगली आजही ते मान्य करत नाही. इथे आकड्यांवरचा विश्वास आधीच किती पातळ आहे ते पाहा.

---

येरळाकाठ

गावभागकर, आकड्यांवरील विश्वासाबद्दल तुमचे म्हणणे मला शंभर टक्के मान्य आहे. म्हणूनच "पाणी जात विचारत नाही" हे वाक्य मी तपासून घेईन. पाणी उतार विचारते. आणि गावाच्या उतारावर कुणाचे घर कुठे असावे, हे पाण्याने ठरवलेले नाही. वारणा हरिपूरला कृष्णेला मिळते, पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा येते, इथे नदीला उतार कमी आणि वळणे फार, त्यामुळे पाणी चढते हळू आणि ओसरतेही हळू. इथपर्यंत सारा निसर्ग आहे. परंतु जुने गावठाण उंचवट्यावर, मागासवर्गीयांची वस्ती ओढ्याच्या अंगाला, आणि शहर वाढल्यावर शेतातून, नाल्याच्या कडेने पडलेले स्वस्त गुंठेवारीचे प्लॉट सखल भागात, ही रचना माणसांनी केली. परिसरशास्त्रज्ञ एखाद्या बेडकाचा अधिवास लिहिताना तो तिथेच का सापडतो हे विचारतो. माणसाच्या बाबतीत तोच प्रश्न विचारला की ती "बाजू घेणे" कशी होते, हे मला उमगत नाही.

बाहेरचे एक उदाहरण देते, कारण त्यात आमच्याच विद्येची चूक दिसते. ऑगस्ट 2005 च्या अखेरीस, म्हणजे सांगलीचा महापूर ओसरून महिनाही झाला नव्हता तेव्हा, अमेरिकेत कतरीना चक्रीवादळ आले आणि न्यू ऑर्लिन्स शहराचा सुमारे 80 टक्के भाग पाण्याखाली गेला. पुढे जानेवारी 2006 मध्ये पुनर्उभारणीच्या आयोगाचा एक नकाशा वर्तमानपत्रात छापून आला. सखल भागांतील काही वस्त्यांवर त्यात मोठे हिरवे ठिपके काढले होते, म्हणजे तिथे पुढे उद्याने आणि पाणी मुरण्याच्या मोकळ्या जागा व्हाव्यात. पूरमैदान मोकळे ठेवावे हा विचार परिसरशास्त्राला धरूनच होता. पण परगावी आसरा घेतलेल्या लोकांना आपल्या घरावर ठिपका पडल्याचे वर्तमानपत्रातून कळले आणि त्यांतील बरेच जण कृष्णवर्णीय होते. लोक उठले, वस्त्यांनी स्वतःचे आराखडे केले आणि ती योजना मागे पडली. पूरमैदानाचा विचार चुकला नव्हता. ठिपका ठेवण्यापूर्वी त्या घरातल्या माणसांना कुणी विचारले नव्हते, आणि ती जातील कुठे याचे उत्तर त्या नकाशात नव्हते.

आपल्याकडे हिरव्या ठिपक्याच्या जागी निळी रेषा आहे, म्हणजे जिच्या आत बांधकाम नको असे धरतात ती पूररेषा, एवढाच फरक.

---

निवृत्त_तलाठी

चर्चा चांगली चालली आहे, म्हणून पंचनाम्यात आमच्या हातून काय सुटत असे ते लिहितो. माझी नोकरी दोन्ही जिल्ह्यांत झाली.

पंचनामा हा कागदावर सुरू होतो. शेताचे नुकसान सात-बारावरील नावाला आणि हेक्टरला लागते. तोंडी खंडाने किंवा वाट्याने करणाऱ्याचे नाव पीकपाण्याला नसते, कारण नाव लागले तर कूळ लागेल, म्हणजे जमिनीवर त्याचा हक्क येईल, या भीतीने मालक ते लावू देत नाही. बियाणे, खत, मजुरी सारे वाटेकऱ्याचे आणि मदत मालकाच्या खात्यावर, असे मी कितीतरी वेळा पाहिले आहे. बाईचे नाव उताऱ्यावर नसेल तर विधवा झाल्यावरही वारसनोंद होईपर्यंत ती कागदावर नसते. भाडेकरूचे तर विचारूच नका, घराची भिंत मालकाची असली तरी आतली भांडी आणि शिलाई मशीन भाडेकरूचे असते.

आता मुद्द्याची गोष्ट. 2019 साली मोफत धान्यासाठी क्षेत्र दोन दिवसांपेक्षा अधिक काळ पाण्याखाली असावे अशी अट आली होती आणि तिच्यावरून मोठा गदारोळ झाला. कुठल्या आळीत पाणी किती तास राहिले याची नोंद ना आमच्याकडे होती ना लोकांकडे. लोक म्हणत तीन दिवस, वरून विचारणा होई की पुरावा काय. त्या वेळी प्रत्येक वस्तीच्या जमिनीची उंची आणि पुलावरची तासातासाची पातळी शेजारी ठेवून कुणी सोपा तक्ता करून दिला असता, तर मला पंचनामा करताना मान खाली घालावी लागली नसती. ताई, तुमच्या डंपी लेव्हलचा न्यायाशी संबंध आहे तो असा.

---

मोरणाखोरे

आमच्याकडे पूर पात्रातून येत नाही, डोंगरच खाली येतो. 22 जुलै 2021 रोजी महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच सुमारास पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळल्या. मी त्या खोऱ्यातील आहे. त्या दिवसांवर अधिक लिहीत नाही.

लिहायचे आहे ते नंतरच्या अभ्यासाविषयी. आमच्याकडे जी अभ्यासक मंडळी आली त्यांतील काहींचा प्रश्न ठरलेला होता : डोंगरावर झाडे कुणी तोडली, उतारावर नाचणी कोण करते? उत्तर प्रश्नातच होते. वास्तविक मुरुमाखालचा कातळ, त्यावर पाण्याने फुगलेली जाड माती आणि एका दिवसात महिन्याचा पाऊस, एवढ्यावरही डोंगर सुटतो, दाट झाडीतलाही सुटतो. वर खोदलेला रस्ता आणि त्याने वळवलेले पाणी यांच्याकडे बोट दाखवायला फारसे कुणी तयार नव्हते. ज्यांच्या बापजाद्यांची खाचरे कोयनेच्या पाण्यात गेली आणि जे उरल्या जमिनीला धरून वर सरकले, त्यांनाच पुन्हा डोंगर बिघडवल्याचा दोष द्यायचा, याला काय म्हणावे? खाली धरण आणि वर अभयारण्य असताना मधल्या उताराखेरीज माणूस जाणार कुठे?

दुसरी गोष्ट अशी की, डोंगराला भेग पडलेली गुराख्याला आधी दिसते. विहिरीचे पाणी अचानक गढूळ होणे, पावसात झरा एकाएकी आटणे किंवा नव्या जागी फुटणे, खांब कलणे, हे आमची म्हातारी माणसे बघत असतात. ते ऐकून घेणारा आणि वेळेवर तालुक्याला कळवणारा कुणी नसतो. परिसरशास्त्रज्ञाला न्याय करायचा असेल तर त्याने पावसाळ्यापूर्वी येऊन गुराख्याबरोबर एक दिवस डोंगर चालावा.

---

उसाचा_फड

मी वाळवा तालुक्यातील ऊस उत्पादक आहे आणि माझाही ऊस बुडाला होता, म्हणून हे लिहिताना थोडा संकोच वाटतो. पाणी उसाच्या शेंड्यावरून गेले आणि काही दिवस तसेच राहिले की पोंगा म्हणजे शेंड्याचा कोंब कुजतो, मग बगलेतून पांगशा (बाजूचे फुटवे) फुटतात, वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घटतात. आम्हाला कमी-जास्त का होईना मदत मिळाली, सोसायटीच्या कर्जाचे बघितले गेले, कारखान्यानेही बुडीत ऊस आधी नेला.

पण हाच ऊस तोडायला दिवाळीच्या सुमारास बीडकडून टोळ्या येतात. त्यांनी टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते. फडात ऊस कमी, आहे तो लोळलेला आणि गाळाने माखलेला, त्यामुळे दिवसाला पडणारी मोळी कमी. मजुरी टनावर मिळते, म्हणजे टन घटले की कमाई घटली, आणि उचल मात्र फिटत नाही, ती पुढच्या हंगामावर चढते. माझ्या फडातील एक बाई गाळाने जड झालेली मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढताना दोनदा थांबलेली मी पाहिली. वजनकाट्यावर कारखाना गाळाची घट धरतो. तिच्या मानेवरचा गाळ कुणीच धरत नाही.

पूर ऑगस्टमध्ये कृष्णाकाठी आला आणि त्याची झळ पोहोचली ती ज्या गावाने वर्षभर धड पाऊसही पाहिला नव्हता तिथे. ही माणसे पूरग्रस्तांच्या कुठल्याच यादीत नाहीत. परिसंस्थेत एका ठिकाणचा धक्का दुसऱ्या ठिकाणी उशिरा कसा पोहोचतो याचा अभ्यास तुम्ही लोक करता म्हणे. मग हा धागा शेवटपर्यंत ओढून दाखवा.

---

येरळाकाठ

उसाचा_फड, तुमचा प्रतिसाद मी उद्या वर्गात वाचून दाखवणार आहे. आम्ही पुराचा परिणाम पूररेषेच्या आत मोजतो आणि रेषा संपली की वही मिटतो, हा आमचा दोष तुम्ही नेमका पकडलात.

मोरणाखोरे, तुमच्या रागाला मी उत्तर देणार नाही, तो योग्य आहे. फक्त एवढी भर घालते की, आमची विद्या लोकांच्या बाजूने उभी राहिल्याचेही दाखले आहेत. 1999 साली ओडिशात महाचक्रीवादळ आले, त्यानंतर झालेल्या अभ्यासात जिथे गाव आणि समुद्र यांच्यामध्ये खारफुटीचा पट्टा रुंद होता तिथे मृत्यू कमी झाल्याचे दिसले. झाड वाचवणे आणि माणूस वाचवणे ही दोन वेगळी कामे नाहीत, हे त्या अभ्यासाने आकड्यांत मांडले. आपल्या पश्चिम घाटासाठी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 2011 साली अहवाल दिला, त्यात निर्णय ग्रामसभांपर्यंत न्यावेत असा आग्रह होता. गावोगाव पोहोचली ती मात्र "आता घराला खिळासुद्धा ठोकता येणार नाही" ही अफवा. अहवाल लोकांच्या भाषेत वेळेत पोहोचला नाही, आणि त्यात अभ्यासकांचाही वाटा आहे असे मी मानते.

---

माणदेशी

पूर आणि दरड यांवर इतके वाचले, पण जत, आटपाडी, माण, खटाव यांचे नाव कुणी घेतले नाही. दुष्काळ हळू येतो म्हणून ती आपत्ती नव्हे काय? एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले, ते चांगलेच झाले. पण आपल्याच सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात त्या उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या बाया होत्या.

न्यायाचे सूत्र आपल्याच मातीत आहे, अमेरिकेला जाण्याची गरज नाही. विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर या हिशेबाने दिले, आणि भूमिहीनालाही पाण्याचा हक्क मानला. खानापूर तालुक्यात येरळेवर लोकांनी बळीराजा धरण बांधले, तिथेही भूमिहीनांचा वाटा धरला होता. धागाकर्तीचे टोपणनाव येरळाकाठ आहे, म्हणून आठवण करून दिली! पाण्याच्या हक्काची जी मोजणी माणसागणिक होऊ शकते, ती पुराच्या नुकसानीची का होऊ नये? हेक्टरवर मोजाल तर ज्याच्याकडे हेक्टर आहे तोच दिसेल.

आता पुराचे पाणी दुष्काळी भागाकडे वळवण्याच्या योजनेची चर्चा आहे. पाणी आले तर हवेच आहे. पण ते पुन्हा उसालाच जाणार असेल तर कृष्णाकाठची क्षारपड जमीन उद्या माणदेशात दिसेल. याविषयी परिसरशास्त्रज्ञांनी आत्ताच बोलावे, कालवा झाल्यावर नको.

---

गावभागकर

माझ्या पहिल्या प्रतिसादानंतर बरेच वाचायला मिळाले. निवृत्त_तलाठी यांचा तासांच्या नोंदीचा मुद्दा मला पटला, कारण तो मोजण्याचा आहे. परंतु एक अडचण तुम्ही सगळे टाळत आहात. नदीला जागा हवी की नको? निळ्या रेषेच्या आत, म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या रेषेआत, बांधकाम नको हे शास्त्रच सांगते ना? गरिबाचे घर आहे म्हणून ते तिथे राहू द्यायचे आणि पुढच्या पुरात त्याच्या छपरावर बोट न्यायची, हा कुठला न्याय? ऑगस्ट 2019 मध्ये ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटून माणसे बुडाली ते आपण विसरलो नाही.

---

येरळाकाठ

अडचण खरी आहे आणि मी ती टाळत होते, हे कबूल करते.

नदीला जागा हवी. यावर माझ्या मनात शंका नाही. पण जागा मोकळी करण्याचा क्रम कोणता, हे शास्त्राच्या नावाखाली कुणीतरी दुसराच ठरवतो. रेषेआतील झोपडी अतिक्रमण ठरते, आणि त्याच रेषेआत चार-चार फूट भराव टाकून उभी राहिलेली मंगल कार्यालये, गोदामे आणि शोरूम ही गुंतवणूक ठरते. झोपडी पाणी अडवत नाही, ती पाण्यात बुडते. भराव पाणी अडवतो आणि ते शेजारच्या सखल वस्तीत ढकलतो. हा फरक जलशास्त्राचा आहे, त्यात दयेचा प्रश्न येत नाही. कुठल्या बांधकामाने किती पाणी सरकते हे आम्ही मोजून मांडू शकतो, आणि "आधी काय हलवावे" याचा क्रम त्यावरून लावता येतो. सांगलीतल्या शेरीनाल्यासारखे नाले मूळ रुंदीचे होते तेव्हा पाणी कुठे पसरत असे, हेही जुन्या नकाशांवरून दाखवता येते.

आणि माणसे हलवायचीच असतील तर नवी जागा हाही अधिवासच आहे, तो तपासणे आमचे काम आहे. कामावर जायला किती चालावे लागते, म्हैस बांधायला जागा आहे का, पाणी उन्हाळ्यात टिकते का, डोंगराखाली असेल तर वरचा उतार कसा आहे. हे न बघता आम्ही केवळ "ही जागा धोकादायक" एवढा दाखला देऊन मोकळे झालो, तर त्या दाखल्याचा उपयोग घर पाडण्यापुरताच होतो.

या उन्हाळ्यात आम्ही वहीत तीन रकाने वाढवत आहोत : भिंत कधीची आहे, घर कुणाचे आणि राहते कोण, आणि पाणी किती दिवस होते. जिथे खूण नाही तिथे "खूण नाही" असे न लिहिता ती का नाही हे लिहायचे. दोन शेजाऱ्यांनी स्वतंत्रपणे सांगितलेली उंची जुळली तर ती नोंद धरायची आणि ती तोंडी आहे असे स्पष्ट नोंदवायचे. पूर्ण झालेला तक्ता वस्तीत लावायचा, आधी तिथे आणि मग कार्यालयात. निवृत्त_तलाठी, रकान्यांची भाषा पंचनाम्याशी जुळेल अशी करून द्याल का?

---

निवृत्त_तलाठी

करून देतो. "राहते कोण" याच्या खाली विजेचे बिल कुणाच्या नावावर आहे आणि भरते कोण, हे दोन्ही लिहा. भाडेकरूला पुढे तेच उपयोगी पडते.

---

गावभागकर

भरावाचा मुद्दा मान्य. शास्त्राने बाजू घेऊ नये हे माझे मत अजून बदललेले नाही, पण वही अपुरी होती हे मान्य करतो.

आमच्या घरात 2005 ची खूण पडवीच्या सागवानी खांबावर आहे, वडिलांनी करवतीने कोरलेली. 2019 ची माडीच्या तुळईवर मी स्वतः खडूने ओढली आणि नंतर रंगाने पक्की केली. मागील बाजूच्या दोन खोल्यांत भाडेकरू असतात. त्यांच्या भिंतीवर 2019 आणि 2021 अशा दोन्ही रेघा होत्या. मागच्या दिवाळीला नवा भाडेकरू येणार म्हणून मी त्या चुना लावून पुसल्या. खूण दिसली तर खोली भाड्याने जात नाही हो, खरे सांगतो. तेव्हा राहणारे कुटुंब आता कर्नाळ रस्त्याला आहे, त्यांना उंची आठवत असेल, मी विचारून ठेवतो.

शनिवारी दुपारी चारनंतर घरी आहे. शिडी मात्र तुमची आणा, आमची पुरात गेली ती पुन्हा घेतलेली नाही.